लाभ

शंभरातून सात वजा करत जा, म्हणाली डॉक्टरीण.
फोनवरच्या दुभाष्याने ते हिंदीत सांगितलं,
मी मराठीत,
आणि आण्णांनी मान हलवून
मोजायला घेतलं :
लाभ, दोन, तीन…

एक म्हणायचं नसतं काट्यावर.
दोंडाईचा मार्केटात बेचाळीस वर्षं
झुलाल तोलारी पहिल्या पोत्याला लाभ म्हणत आला.
शून्य गुण, लिहिलं तिने.
मी समजावायला तोंड उघडलं
आणि इंग्रजीत लाभ सापडेना.

त्याआधी मिरच्या झाल्या होत्या.
पहाटे अडीचला, बाहेर बर्फ,
त्यांनी तव्यावर मूठभर टाकल्या
आणि अख्खी इमारत खोकत जिन्याने खाली उतरली.
बंबवाल्यांना म्हणाले,
चहा घ्या, पावती मागून करू.

मंडळात मी सांगायचे, आण्णांना थंडी सोसत नाही.
संक्रांतीला तेच, पाडव्यालाही तेच.
हॉलच्या कोपऱ्यात रोहिणी चौबळ हळूच म्हणाली,
माझ्या सासूबाईंनाही
दोन वर्षं थंडी सोसत नाहीये.
आम्ही एकमेकींकडे पाहिलं
आणि जेवणाच्या रांगेत पुढे सरकलो.

मग मीच ठरवलं, माणसाला माती ओळखीची लागते.
आणलं.
मार्चमध्ये, पथारीवर मिरची वाळत असताना
अख्खं मार्केट त्यांच्या नाकासमोर उभं केलं.
आण्णा शिंकले.
रुमालाने नाक पुसलं, घडी घालून तो खिशात ठेवला,
आणि मला विचारलं,
तू कोनी पोर शे व?

वहिनी म्हणते, वय झालं, दुसरं काही नाही.
जिभाऊ म्हणतात, परदेशाचं पाणी बाधलं.
कोणीतरी दंडाला काळा दोरा बांधून गेलं.
मी दाराला घुंगरू बांधलंय,
सदऱ्याच्या आत माझा नंबर शिवलाय.

घुंगरू रात्री वाजतं.
माले घर जानं शे.
हेच घर, आण्णा.
हा निंब तुम्ही लावला. ही कडी तुम्ही ठोकली.
ते निंबाकडे बघतात, सौजन्याने,
जसा दुसऱ्याच्या नातवंडाचा फोटो बघावा.

तेरा रात्री मी त्यांच्याशी पुराव्यानिशी भांडले.

चौदाव्या रात्री थकून विचारलं, कोणतं घर?
बाक, म्हणाले.
अकरा नंबरची बस येते ना, तिथला.
सरदारजी वाट बघत असेल.

गुरबचन.
ब्रॅम्प्टनच्या त्या थांब्यावर रोज दुपारी दोघं.
तो पंजाबीत बोलायचा, बहुधा गव्हाबद्दल.
हे अहिराणीत, नक्कीच मिरचीबद्दल.
तीन वर्षं.
आणि कोणी कोणाला एकदाही विचारलं नाही
आज वार कोणता.
मला वाटायचं, म्हाताऱ्यांचा वेळ जातोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटी स्टँडवर नेलं त्यांना.
सिमेंटचा बाक, उन्हाने अजून गरम.
शहादा गेली. नंदुरबार गेली.
शिरपूरची लागली, तिच्या टपावर कोणाची तरी खाट.
मी ओढणी डोक्याभोवती गुंडाळली,
धुळीसाठी म्हणा,
बाकाच्या टोकाला टेकले
आणि येत होतं तेवढं पंजाबी म्हटलं :
हांजी.

आण्णांनी नीट बघितलं.
मला वाटलं आता हसतील,
आता माझं नाव घेतील.
त्यांनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली,
थोडे सरकले.
बठ, म्हणाले. गाडी ई आते.

मी बसलेलीच होते.
तरी उठून पुन्हा बसले.